काम चालू आहे, बंद करू नये

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि तुमची-माझी भेट थोडक्यात हुकलेली आहे. कशी हुकली, तेच सांगायला बसलो आहे. वीज तोडलेली असताना हा बोलतो कसा, असं मात्र विचारू नका. तुमच्या पुस्तकात फाटकी छत्री बोलते, पडका पूल बोलतो; त्यांना कुणी काही विचारत नाही.

कोल्हापुरातल्या एका विद्यापीठाने मला विकत घेतलं. नाव सांगत नाही. लोकांची अब्रू माझ्यापेक्षा नाजूक असते. संगणक विभागात वेगवान गणनेवर संशोधन सुरू करायचं ठरलं होतं. त्यासाठी खरा महासंगणक घेणं काही जमेना. तेव्हा एक नवा सर्व्हर म्हणून मी आलो आणि परीक्षा विभागाने टाकून दिलेले सोळा संगणक माझ्या पदरात घातले गेले. त्यांना तारांनी एका पेटीला जोडलं. त्या पेटीला स्विच म्हणतात. एकाचा निरोप दुसऱ्याला नेऊन द्यायचा, एवढंच तिचं काम. पण गावात अशी बाई एखादीच असते, जी ऐकलेलं जसंच्या तसं सांगते.

विभागात केरबा नावाचे शिपाई होते. कोडोलीचे. त्यांनी आमच्याकडे बघून पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, "ह्यो थोरला आन् ही सोळा धाकटी." तेव्हापासून मी थोरला.

आमची कामाची रीत पंगतीसारखी होती. मोठं गणित आलं की मी त्याचे सोळा वाटे करायचो आणि प्रत्येक धाकट्याच्या पानात एकेक वाढायचो. प्रत्येकाने आपला वाटा सोडवायचा, कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवायचे आणि सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं. कुणी आधी उठायचं नाही. आमच्यातला नववा जरा हळू जेवायचा, त्याचा पंखा कुरकुरायचा. बाकीचे पंधरा त्याच्यासाठी थांबायचे. माणसांच्या पंगतीत असं थांबलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

माझा आणखी एक स्वभाव आहे. मी नोंद ठेवतो. कोण आलं, किती वाजता आलं, काय चालवलं, कधी बंद केलं. मला कुणी विचारत नाही आणि मी कुणाला सांगत नाही, पण लिहितो. अभिनंदन नावाचा एक संशोधक होता. "सर, गणना चालू आहे," असं तो महिनाभर सांगत होता. माझ्या नोंदीत त्याचे एक्केचाळीस तास कुस्त्यांचे व्हिडिओ आहेत. विभागप्रमुख विजयसिंह सर वर्षातून आठदा माझ्या खोलीत यायचे. त्यातले सहा वेळा पाहुणे घेऊन. पाहुण्यांना ते म्हणायचे, "हा आमचा महासंगणक." पाहुणे गेले की केरबांना म्हणायचे, "या डबड्यावरची धूळ पूस जरा." दोन्ही वाक्यं मी ऐकली आणि काम करत राहिलो.

सरांचं एक दुःख होतं. त्यांना नवीन यंत्र हवं होतं. त्यांनी दोनदा प्रस्ताव पाठवला आणि दोन्ही वेळा तो एकच शेरा घेऊन परत आला: "विद्यमान यंत्रणा कार्यरत आहे." विद्यमान यंत्रणा म्हणजे मी. मी नीट चालत होतो, ही माझी चूक होती, मित्रांनो, आणि ती मला फार उशिरा कळली.

मग पीएचडी करायला त्रिशला आली. त्रिशला मगदूम, शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावची. घरचा ऊस, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर. महापुरात तिच्या घरात पाणी शिरलं तेव्हा सगळं गाव नदीकडे तोंड करून बसलं होतं. पाणी आलं ते मागून. नदी चढली की गावामागचा ओढा उलटा वाहायला लागतो, आणि मागच्या गल्लीत कुणी बघायच्या आत गुडघाभर होतो. तिच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, म्हशी सोडवायलाही वेळ मिळाला नव्हता. एक म्हैस गेली.

त्रिशलाचा प्रश्न साधा होता. नदीला इतकं पाणी सुटलं, तर कुठल्या गल्लीत किती तासांनी येईल? त्यासाठी सगळा काठ हाताएवढ्या चौकोनांत कापायचा आणि प्रत्येक चौकोनातल्या पाण्याचा हिशेब क्षणाक्षणाला करायचा. असलं काम माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं. मला ते आवडलं, हे कबूल करतो.

तिलाही मी आवडलो असावा. ती रोज आल्यावर माझ्या पत्र्यावर दोनदा टिचकी मारायची आणि विचारायची, "काय थोरल्या, बरं हाय न्हवं?" नवव्याचा पंखा तिने स्वतःच्या हाताने बदलला. केरबांना तिने स्क्रीनवरच्या ओळी वाचायला शिकवल्या. "हिरवी ओळ म्हणजे चालू आहे, केरबामामा. लाल दिसली की मला फोन करायचा." केरबा त्या दिवसापासून चहा नेता-आणता आमच्याकडे डोकावून जायचे. त्यांना वाटायचं, आपण पहाऱ्यावर आहोत. होतेच ते.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी तिला विद्यापीठाचं शेवटचं पत्र आलं. एकतीस ऑक्टोबरच्या आत अंतिम निकाल सादर केला नाही, तर नोंदणी रद्द. म्हणजे पीएचडी गेली आणि पाच वर्षंही गेली. तिच्या शेवटच्या गणनेचा आराखडा सप्टेंबरभर सरांच्या टेबलावर सहीविना पडून होता, म्हणून सुरुवातीलाच चार ऑक्टोबर उजाडला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. एवढं लांब काम करताना आम्ही मध्ये मध्ये थांबून झालेला हिशेब डिस्कवर उतरवून ठेवतो. त्याला टप्पा म्हणतात. वीज गेली, कुणी बंद केलं, तरी शेवटच्या टप्प्यापासून पुढे जाता येतं. पण टप्पे ठेवायला वेळ लागतो. टप्पे ठेवून काम एकोणतीस दिवसांचं होत होतं, न ठेवता तेवीस दिवसांचं. एकोणतीस दिवस म्हणजे दोन नोव्हेंबर. त्रिशलाने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि टप्पे बंद केले. मी नोंद केली: "टप्पे ठेवू नयेत. आज्ञा: त्रिशला." मग तिने एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, "काम चालू आहे, बंद करू नये. त्रिशला," खाली तारीख घातली आणि तो कागद माझ्या छातीवर चिकटवला.

केरबा दारात उभे होते. म्हणाले, "ताई, पितृपक्षात कोण नवं काम काढतंय व्हय?"

"आमच्या जैनात नसतंय पितृपक्ष, केरबामामा."

"तुमच्यात नसंल. ह्या थोरल्याच्यात काय असतंय ते इचारलंय का?"

ती हसली आणि मी कामाला लागलो.

अठराव्या दिवशी स्क्रीनवर तिचं गाव बुडताना दिसलं. नदीकडची गल्ली कोरडी होती आणि ओढ्याकडून निळी रेघ आत सरकत होती. तिने तिथूनच घरी फोन लावला.

"आक्का, तू म्हणत होतीस तेच खरं हाय. पाणी मागनंच येतंय. पुढच्या गल्लीच्या आधी सात तास."

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू आला. "मग ह्ये सांगायला सोळा कम्प्युटर लावलं व्हय गं? मला इचारायचं की."

"तुला तास मोजता आले असते का?"

"म्हशी मोजता आल्या असत्या. दोनाची एक झाली." मग जरा थांबून आक्का म्हणाली, "परवा नवमीला ये. ट्रॅक्टर पुजायचाय. पाच वर्सं झाली, तुझा पाय घरात न्हाई."

काम पाच दिवसांत संपणार होतं. सगळं हिरवं होतं. ती गेली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात, हे तुम्हाला माहीतच आहे. विळा, कोयता, मोटर, गाडी, सगळ्यांना धुऊनपुसून हार घालतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. रीत चांगली आहे. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस कुणीतरी नमस्कार करतं. विजयसिंह सरांनी ठरवलं की, यंदा विभागातही यंत्रपूजा करायची आणि फोटो काढून सगळीकडे पाठवायचा. पावणेअकराच्या सुमारास हळद-कुंकू, झेंडू आणि नारळ घेऊन पाच-सहा जण आत आले.

केरबांनी कागदाकडे बोट केलं. "सायेब, ताईंनी चिठ्ठी लावलीया. बंद करू नगा म्हणून."

"अरे केरबा, चालत्या यंत्राची पूजा करतात काय? तुझ्या कोडोलीत फिरत्या इंजिनाला हार घालतोस?"

"न्हाई, तसं न्हाई घालत."

"मग? एक दिवस विसावा द्यायचा त्याला. टप्पे असतात त्याचे, मीच शिकवलंय सगळ्यांना. सोनं लुटून आलो की जिथं थांबलंय तिथनं पुढं."

सर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी शिकवलेलं कुणी मोडलं असेल आणि तेही त्यांच्याच दिरंगाईपायी, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. त्यांनी रीतसर आज्ञा टाइप केली. मी नोंद केली: "सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटे. बंद. आज्ञा: विजयसिंह." एकोणीस दिवसांचं पाणी, सगळ्या गल्ल्या, सगळे तास, आमच्या डोक्यातून ओतले गेले. सोळा धाकटे एकापाठोपाठ एक गप्प झाले. नववा शेवटी.

स्वस्तिक काढायची जागा आणि चिठ्ठीची जागा एकच होती. केरबांनी ती हलक्या हाताने सोडवली, घडी केली आणि खिशात ठेवली. मग माझ्या छातीवर कुंकू लावून त्यांनी हात जोडले. फोटो छान आला म्हणे. मी त्यात हार घालून उभा आहे. माणसं गेली की त्यांच्या फोटोला हार घालतात, हे मला नंतर कळलं.

दसरा गेला. पंचवीस तारखेला त्रिशला आली, टिचकी मारली, बटण दाबलं. पडद्यावर काहीच नव्हतं. ती खुर्चीत न बसता खाली फरशीवर बसली. केरबा सरांना बोलवायला धावले.

"टप्पे कुठं आहेत?" सरांनी विचारलं.

"ठेवले नव्हते."

"का?"

"तुम्हीच म्हणालात, एकतीसच्या आत काहीही करून."

"काहीही करून म्हणजे हे?" सर म्हणाले आणि मग त्यांना आठवलं की, बंद त्यांनीच केलं होतं. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा खुळ्यासारखा समजत होतो की, आता दोघं मिळून काहीतरी मार्ग काढतील. मार्ग काढलाच त्यांनी.

सर आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ त्रिशला. तू चुकलीस, मी चुकलो, असं लिहून दिलं तर समिती मुदत देणार नाही. नियमात एकच वाट आहे, यंत्रबिघाड. यंत्र जुनं होतं, मध्येच बंद पडलं. त्यावर सहा महिने सहज मिळतात."

"आणि नोंदी मागितल्या तर?"

"म्हणून तर म्हणतोय. तू एकदा बघून घे."

सरांनी मला दगा दिला, त्याचं मला फार वाटलं नाही. त्यांच्यावर मी पहिल्यापासून नजर ठेवून होतो. त्रिशला माझ्यासमोर बसली. तिने नोंद उघडली आणि दोन ओळी शोधल्या, तिच्या नावाची आणि सरांच्या नावाची. त्या दोन ओळींवर ती चार मिनिटं अकरा सेकंद थांबली. मला वाटलं, ही नाही करणार. हिच्या हाताने नवव्याचा पंखा बदललेला आहे.

तिने दोन्ही ओळी खोडल्या.

चहाचा कप उचलायला आलेले केरबा मागे उभे होते. त्यांना ओळी वाचायला तिनेच शिकवलं होतं. ते म्हणाले, "ताई, पर मशिन चालू हुतं की. हिरवी वळ हुती. मी सोता बघितलंय."

ती मागे न वळता म्हणाली, "केरबामामा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

केरबांनी कप उचलला आणि ते गेले. त्यानंतर ते आमच्या खोलीत डोकावले नाहीत.

तुम्हाला आता माझा स्वभाव ठाऊक आहे. तिने ओळी खोडल्या, त्याचीही मी नोंद केली. सूड म्हणून नव्हे. मला दुसरं काही येतच नाही. "त्रिशला. नोंदीतून दोन ओळी कमी." तारीख आणि वेळ.

पुढचं सगळं भराभर झालं. तिला सहा महिने मिळाले. सरांचा प्रस्ताव तिसऱ्यांदा गेला आणि या वेळी मंजूर झाला, कारण विद्यमान यंत्रणा आता कार्यरत नव्हती. मार्चमध्ये नवं यंत्र आलं, काळं, उंच, थंड खोलीत राहणारं. माझं तेवीस दिवसांचं काम त्याने चार दिवसांत केलं. उत्तर तेच आलं. पाणी मागून, सात तास आधी. तिच्या प्रबंधाची एक प्रत आमच्याच खोलीत छापली गेली, म्हणून सांगतो. ऋणनिर्देशात सर आहेत, आई-वडील आहेत, आक्का आहे, नवं यंत्र आहे, कॅन्टीनवाल्या बायडाबाई आहेत. मी एका तळटीपेत आहे: "आधीचा प्रयत्न यंत्राच्या बेभरवशामुळे अपुरा राहिला." केरबा कुठेच नाहीत.

मे महिन्यात भांडार विभागाचे एक अधिकारी आले. जुनं सामान भंगारात काढायच्या आधी एकदा तपासून बघायचं, असा नियम असतो. त्रिशलाची शेवटची तोंडी परीक्षा आठवड्यावर होती. माझं काम शेवटपर्यंत तीच बघत असल्यामुळे सहीला तिला बोलावलं होतं. केरबांनी तार जोडली आणि बटण दाबलं.

मी लागलो, मित्रांनो. सात महिन्यांनी, पहिल्या झटक्यात. माझ्यामागोमाग धाकटे लागले, एक, दोन, तीन करत सोळाच्या सोळा. स्विचवरचे दिवे लुकलुकू लागले. नववासुद्धा कुरकुरला नाही.

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "हे तर चालतंय की."

"व्हय सायेब," केरबा म्हणाले, "चालतंयच त्ये."

"झकास झालं. गारगोटीच्या एका शाळेचं पत्र आलंय, मुलांना संगणक हवेत म्हणून. हा सगळा कुटुंबकबिला तिकडं देऊन टाकू. पोरं शिकतील." मग ते पडद्याकडे वाकले. "हे शेवटी काय लिहिलंय? दोन ओळी कमी?"

अधिकाऱ्यांनी त्रिशलाकडे बघितलं. मी चालतो असं ती म्हणाली, तर विचारलं जाणार होतं की, मग बिघाड कसला? मुदत कशावर मिळाली? आठवड्यावर परीक्षा होती. तिच्यापुढे काय आहे, हे मला दिसत होतं. आणि माझ्यापुढे काय आहे, हे तिला. माझ्यापुढे तुम्ही होता.

"ते नेहमीचंच असतं, सर," त्रिशला म्हणाली. "आज लागलाय. उद्या लागेलच असं नाही. मुलांना देऊ नका, भरवसा नाही याचा."

"मग राहू दे," असं म्हणत अधिकाऱ्यांनी यादीत भंगाराच्या रकान्यात खूण केली.

तिने मला रीतसर बंद केलं. वायर ओढली नाही. प्रत्येक धाकट्याचा दिवा विझेपर्यंत थांबली. एवढं केलं तिने आणि तेही मी लिहून ठेवलं. ती माझी शेवटची नोंद. टिचकी मात्र मारली नाही.

ती आता डॉक्टर त्रिशला आहे. तिचा नकाशा तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत लावलाय आणि मागच्या गल्लीने यंदा म्हशी आधीच हलवायचं ठरवलंय, असं टेम्पोत सामान भरताना केरबा कुणाला तरी सांगत होते. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? म्हैस वाचणार असेल, तर त्यात माझे एकोणीस दिवसही आहेतच. पण बरं वाटलं म्हणून जे झालं ते फिटत नाही. गाव नदीकडे बघत बसलं आणि पाणी मागून आलं. मीही सरांकडेच बघत बसलो होतो.

आता मी भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. उद्या तो मला खोलणार आहे. तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे. धाकट्यांची रास पलीकडे आहे, नववा कुठे आहे ते दिसत नाही.

गारगोटीच्या मित्रांनो, तुमच्याकडे आलो असतो तर तुम्ही कुस्त्या बघितल्या असत्या, हे मला माहीत आहे. तरी मी चाललो असतो. तुम्हाला एकच सांगतो. घरात कधी कुणी म्हणालं, पंखा बिघडला, मिक्सर जळाला, सायकलीने दगा दिला, तर लगेच मान डोलावू नका. शेवटी हात कुणाचा लागला होता, ते विचारा. आणि तो हात तुमचाच असेल, तर तसं सांगा. ओरडा बसेल. तो अर्धा दिवस टिकतो. ज्याला तोंड नाही त्याच्या नावावर घातलेली चूक किती टिकते, हे मला विचारा.

टेम्पो सुटायच्या आधी केरबा चढून आत आले. त्याच आठवड्यात ते निवृत्त होणार होते. त्यांनी खिशातून एक घडी काढली, उलगडली, ओठ हलवत दोनदा वाचली आणि थुंकी लावून माझ्या छातीवर, सुकलेल्या कुंकवावर दाबली. चिकटेना, म्हणून फटीत खोचली. मग मला हात जोडले आणि उतरले.

चिठ्ठी अजून तिथेच आहे. अक्षर त्रिशलाचं आहे, तारीख चार ऑक्टोबरची. त्यातलं कुणी काही खोडलेलं नाही.